वाढते वजन, खचलेले मन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात मधुमेहाविषयी उत्तरे देताना ‘पोटावरची चरबी आणि मनाची अवस्था यांचा थेट शारीरिक संबंध असतो’ असे एक वाक्य ओघात लिहिले गेले होते. त्या वाक्यावर इंदुरातून आणि जवळच्या महू, देवास भागांतून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे योग्य वाटले. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पत्रावरून कोणाचेही निदान होत नसते. आपल्या डॉक्टरांशी अधिक नेमके बोलता यावे, एवढ्यापुरताच या उत्तरांचा उपयोग करावा.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्याला तीन वर्षे झाली. तेवढ्या काळात माझे वजन ६१ किलोवरून ७४ किलोवर गेले आणि ते बहुतेक सगळे पोटावरच दिसते. कशात मन लागत नाही, भजनी मंडळ सुटले, सकाळी अंथरुणातून अंग उचलवत नाही, दुपारी झोप अनावर होते आणि रात्री सगळे झोपल्यावर डब्यातली शेव किंवा काही गोड खाल्ल्याशिवाय राहवत नाही. घरचे म्हणतात, खाणे आवर, म्हणजे मनही ठिकाणावर येईल. डॉक्टर म्हणतात, हे नैराश्य आहे. आधी काय झाले असेल, वजन वाढले की मन खचले?
– एक भगिनी, सुदामानगर

उत्तर : आधी काय, हा प्रश्न संशोधकांनाही बराच काळ पडलेला होता. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० मध्ये दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या १५ अभ्यासांचे, म्हणजे एकूण ५८,७४५ व्यक्तींच्या माहितीचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सुरुवातीला स्थूल असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा ५५ टक्क्यांनी अधिक आढळली आणि सुरुवातीला नैराश्य असलेल्यांना पुढे स्थूलता येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी अधिक आढळली. दोन्ही बाजूंचे पारडे जवळजवळ सारखेच आहे. आपले पत्र वाचून मला मात्र असे वाटते की आपल्या बाबतीत सुरुवात तिसऱ्याच ठिकाणी, तीन वर्षांच्या अखंड शुश्रूषेच्या ताणात, झाली असावी.

ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो, त्यामुळे पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच स्रवते आणि त्याच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. कॉर्टिसोल रक्तातील साखर वाढवते, स्नायूंतील प्रथिने मोडून इंधन पुरवते आणि संकटाला तोंड देण्याची तयारी करते. काम झाले की तेच कॉर्टिसोल मेंदूकडे परत जाऊन ‘आता पुरे’ असा संदेश देते. टाकी भरल्यावर पाण्याची मोटर आपोआप बंद व्हावी, तशी ही व्यवस्था आहे. संकट तासाभराचे असेल तर ती उत्तम चालते. मात्र रात्री दोनदा उठून कूस बदलून देणे, औषधांच्या वेळा सांभाळणे आणि नातेवाइकांचे टोमणे ऐकणे हे वर्षानुवर्षे चालू राहिले, तर तो संदेश मेंदूला नीट ऐकू येईनासा होतो आणि कॉर्टिसोलचा दिवसरात्रीचा क्रम बिघडतो. निरोगी माणसात ते सकाळी जाग आल्यानंतर थोड्याच वेळात सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी.

चरबी पोटावरच का साठते, याचे उत्तर इथेच आहे. पोटातील अवयवांभोवतीच्या चरबीत कॉर्टिसोलला प्रतिसाद देणारे ग्राहक (पेशीतील संप्रेरक ओळखणारे रेणू, रिसेप्टर) त्वचेखालच्या चरबीपेक्षा जास्त असतात, आणि इन्सुलिनच्या सोबतीने कॉर्टिसोल तिथे चरबीचा साठा वाढवते. त्यातही विशेष असे की चरबीच्या पेशींमध्ये एक विकर (एन्झाइम) असते, जे निष्क्रिय कॉर्टिसोनचे सक्रिय कॉर्टिसोल जागच्या जागी तयार करते. म्हणून स्थूल व्यक्तीच्या रक्ताची तपासणी केली तर कॉर्टिसोल पुष्कळदा ठीकच दिसते आणि तरीही तिच्या चरबीच्या आत त्याचा अंमल वाढलेला असू शकतो.

चरबी ही स्वस्थ पडून राहणारी वस्तू नाही, हे वैद्यकशास्त्राला तसे अलीकडेच कळले. १९९३ मध्ये चरबीच्या ऊतींतून टीएनएफ-अल्फा हा दाह निर्माण करणारा पदार्थ स्रवतो असे आढळले, १९९४ मध्ये लेप्टिन या चरबीतूनच येणाऱ्या, मेंदूला तृप्तीचा निरोप देणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला आणि २००३ मध्ये दिसून आले की स्थूलतेत चरबीच्या ऊतींमध्ये मॅक्रोफेज या संरक्षक पेशी मोठ्या संख्येने येऊन बसतात. या पेशींमुळे शरीरात मंद, न जाणवणारा दाह धुमसत राहतो. ताप येत नाही, काही दुखत नाही, पण रक्तातील सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ हे दाह दाखवणारे घटक वाढलेले सापडतात.

हा दाह मनापर्यंत पोहोचतो, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा स्थूलतेच्या अभ्यासातून आलेला नसून कावीळ ‘सी’च्या (हिपॅटायटिस सी) उपचारांतून आला आहे. नवी औषधे येण्यापूर्वी या आजारावर इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शने देत असत. ते प्रतिकारशक्तीला चेतवणारे द्रव्य आहे. उपचार सुरू होताना मनाने ठीक असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांना काही महिन्यांत रीतसर नैराश्य आले. कोणाच्या स्वभावात किंवा संसारात त्या दरम्यान काही बदललेले नव्हते. बदल झाला होता रसायनांत. दाहामुळे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मनःस्थितीशी निगडित असलेल्या सेरोटोनिनकडे जाण्याऐवजी कायन्युरेनिनच्या मार्गाला अधिक वळते आणि त्या मार्गावरचे काही पदार्थ चेतापेशींना त्रासदायक असतात. लेप्टिनचीही तीच कथा. चरबी वाढली की लेप्टिन वाढते, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो, आणि भरपूर साठा असूनही भुकेचा निरोप चालूच राहतो.

आता रात्रीच्या शेवेविषयी. सॅन फ्रान्सिस्को येथील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मांडले की दीर्घ ताणाखाली गोड व चरबीयुक्त खाणे मिळाले तर पोटावरची चरबी वाढते आणि त्याच वेळी मेंदूतील ताणाची यंत्रणा खरोखरच थोडी शांत होते. खाल्ल्याने बरे वाटते हा आपला भास नाही. शरीराला सापडलेला तो एक उपाय आहे, महाग पडणारा उपाय. ‘खाणे आवर’ असे सांगणारे घरचे लोक तो उपाय काढून घ्यायला सांगत आहेत आणि ताण मात्र जिथल्या तिथे ठेवत आहेत.

आपल्या लक्षणांत आणखी एक गोष्ट लक्ष वेधून घेते. नैराश्य म्हटले की भूक मेलेला, झोप उडालेला, वाळत चाललेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. दुसराही एक प्रकार असतो, ज्यात भूक वाढते, झोप वाढते, हातपाय जड होतात आणि वजन चढते. अ‍ॅम्स्टरडॅम येथील मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात असे आढळले की पहिल्या प्रकारात कॉर्टिसोल अधिक असते, तर दुसऱ्या प्रकारात दाह, कमरेचा घेर आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी अधिक असतात. आपली लक्षणे दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारी वाटतात. आपल्या डॉक्टरांना झोप आणि भूक ‘वाढली’ आहे हे स्पष्ट सांगावे, कारण घाईच्या तपासणीत ते राहून जाते.

उपचारांना लागण्यापूर्वी टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, बी-१२, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) एवढ्या तपासण्या कराव्यात. थायरॉइड मंदावल्यानेही वजन वाढते आणि मन उतरते, आणि शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते. आपण घोरता असाल तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार तपासून घ्यावा, दुपारच्या झोपेचे कारण तिथेही असू शकते. आपल्या वयात पाळी थांबण्याआधीचे बदल सुरू झालेले असतात आणि त्यांचाही यात वाटा असू शकतो.

क्रमाविषयी माझे मत ठाम आहे. आधी नैराश्याचा उपचार, त्याबरोबर झोप, मग चालणे आणि सर्वांत शेवटी वजनासाठी आहाराचे बंधन. खचलेल्या मनाने सुरू केलेला डाएट बहुधा पंधरवड्यात मोडतो आणि मोडल्याची खंत तेवढी शिल्लक राहते. सासूबाईंच्या रात्रीच्या देखभालीसाठी आठवड्यातील काही रात्री घरातील दुसऱ्या कोणी किंवा पगारी मदतनिसाने घेणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि हे आपल्या यजमानांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावे. जगणे नकोसे वाटणे, मरणाचे विचार येणे असे काहीही होत असेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो.

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. अमेरिकन कंपनीचे काम घरूनच करतो, त्यामुळे संध्याकाळी सातपासून पहाटे चारपर्यंत जागा असतो. मध्येच मित्रांबरोबर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन येतो. उंची १७२ सेंमी, वजन ६६ किलो, म्हणजे लठ्ठ मुळीच नाही, पण पोट सुटले आहे, कमर ९४ सेंमी भरते. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १०८ आणि ट्रायग्लिसराइड २४० आले. चिडचिड फार करतो, कोणाशी बोलत नाही. वजन ठीक असताना हे कसे?
– एक आई, टिळकनगर

उत्तर : आपल्या मुलाचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) २२.३ येतो. योगायोगाने हाच आकडा वैद्यकीय वाङ्मयात प्रसिद्ध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर सडपातळ दिसत असूनही स्नायूंनी कमी आणि चरबीने अधिक भरलेले असते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवले असेल. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी व स्त्रियांना ८० सेंमी ठेवलेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये पोटाची स्थूलता ३९.५ टक्के लोकांत आणि बीएमआयनुसार स्थूलता २८.६ टक्के लोकांत असल्याचे प्रसिद्ध केले. या दोन आकड्यांमधील फरकात आपल्या मुलासारखे पुष्कळ लोक येतात. काट्यावर वजन ठीक, टेपवर कमर जास्त. १०८ ही साखर मधुमेहपूर्व अवस्थेतील आहे.

चिडचिडीचा धागा मी झोपेपासून धरीन. शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले आणि दुसऱ्या वेळी दहा तास. कमी झोपेनंतर तृप्तीचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भुकेचे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि प्रत्यक्ष भूक २४ टक्क्यांनी वाढली. ओढ मुख्यतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची होती. हा अभ्यास २००४ चा आहे आणि त्यात सगळे मिळून बाराच तरुण होते, हे खरे. पण रात्रपाळी करणाऱ्यांवरचे पुढचे पुष्कळ काम त्याच दिशेला बोट दाखवते. आपला मुलगा झोपतो तेव्हा त्याचे कॉर्टिसोल चढायला लागलेले असते आणि तो तळलेले गराडू (एक कंद) किंवा जिलेबी खातो त्या वेळी शरीराची साखर हाताळण्याची क्षमता सर्वांत कमी असते. सराफा बाजार इंदूरचा अभिमान आहे आणि पाहुण्यांना तिथे नेणे हे आपण सगळेच कर्तव्य मानतो. पण रोजच्या रात्रीचे जेवण तिथे होऊ लागले की प्रश्न उभा राहतो.

नोकरीच्या ताणाचाही विचार करावा लागेल. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल दोन’ हा अभ्यास १९८५ मध्ये १०,३०८ जणांना घेऊन सुरू झाला. त्यातून २००६ मध्ये असे दिसले की कामाचा ताण वारंवार सोसणाऱ्यांमध्ये रक्तदाब, साखर, चरबी आणि कमर यांचा एकत्रित बिघाड ताण नसलेल्यांपेक्षा दुपटीहून अधिक होता.

मुलाला वजन कमी करण्याचा उपदेश करू नये, ते त्याला पटणारही नाही. त्याला आकडे दाखवावेत. पाळी बदलता येते का, हे त्याने कंपनीत विचारावे. ते शक्य नसेल तर रात्रीचे मुख्य जेवण कामाला बसण्यापूर्वी, मध्यरात्रीनंतर शक्य तितके कमी खाणे, पहाटे झोपताना खोलीत पूर्ण अंधार आणि उठल्यावर उन्हात चालणे, असा क्रम धरावा. स्नायू वाढवणारा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करणे त्याच्यासारख्या शरीराला विशेष आवश्यक आहे. न बोलणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस टिकले असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : नैराश्यासाठी मला मिर्टाझापिन सुरू आहे. मन बरेच सावरले, पण सहा महिन्यांत वजन सात किलोंनी वाढले. गोळी बंद करावी असे मनात येते. वय ५२.
– एक निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर

उत्तर : स्वतःहून बंद करू नये. एकदम थांबवल्यास चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो आणि मूळ आजार परतण्याची भीती असते. आपली तक्रार मात्र पूर्णपणे खरी आहे, आणि एखाद्या डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेली तर ते बरोबर नाही. मिर्टाझापिन हिस्टामिनचे आणि सेरोटोनिनचे काही ग्राहक अडवते. त्यामुळे झोप लागते आणि भूकही उघडते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि पॅरॉक्सेटिन यांनीही वजन वाढते, आणि ओलान्झापिनने तर फार वाढते. याउलट बुप्रोपिऑनने वजन वाढत नाही, कधी थोडे घटते, आणि फ्लुऑक्सेटिनचा परिणाम सौम्य असतो. औषध बदलून देता येते, पण जुने हळूहळू कमी करत नवे चढवावे लागते आणि तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा आहे. बुप्रोपिऑन फिट्स येणाऱ्यांना देत नाहीत, म्हणून आधीचा सगळा इतिहास सांगावा.

एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. आजारपणात आपले वजन घटले होते का? घटले असल्यास सातपैकी काही किलो ही आजारात गमावलेल्या वजनाची भरपाई असू शकते. भूक मेलेल्या रुग्णांना मिर्टाझापिन मुद्दाम दिले जाते. तसे नसेल तर पुढील भेटीत कमरेचा घेर, साखर आणि लिपिड (रक्तातील चरबी) मोजण्याची मागणी करावी. ही औषधे सुरू करतानाच वजन नोंदवून ठेवावे, असा आग्रह मी धरतो. पुष्कळ ठिकाणी ते होत नाही, आणि मग सहा महिन्यांनी वाद घालायला आकडेच हाती नसतात.

व्यायामाचा विषय आपल्याला कंटाळवाणा वाटेल, पण अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये नैराश्य असलेल्या १५६ प्रौढांवर केलेल्या चाचणीत १६ आठवड्यांच्या नियमित व्यायामाचा मनावरील परिणाम सर्ट्रॅलिन या औषधाइतकाच आढळला. वजन फारसे उतरले नाही तरी मनाला हा लाभ मिळतो. रिजनल पार्कमध्ये किंवा मेघदूत बागेत रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालण्याकडे औषधाबरोबर घेण्याची दुसरी मात्रा म्हणून पाहावे.

प्रश्न : ‘कॉर्टिसोल उतरवणारी’ चूर्णे आणि गोळ्या मोबाइलवर रोज दिसतात. कॉर्टिसोलची तपासणी करून ती घ्यावीत का?
– एक वाचक, महू

उत्तर : नाही. दिवसातून अनेकदा वरखाली होणाऱ्या संप्रेरकाची एकच सकाळची तपासणी ताणाविषयी काहीही सांगत नाही. या तपासणीला अर्थ असतो तो कुशिंग विकाराची शंका असताना. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात कॉर्टिसोल खरोखरच फार वाढते आणि मग चेहरा गोल होतो, पोट वाढते, हातपाय बारीक होतात, पोटावर रुंद जांभळट चट्टे उठतात, त्वचा पातळ होऊन जरा लागले तरी काळेनिळे होते. अर्ध्याहून अधिक रुग्णांना नैराश्यही येते. हा विकार विरळा आहे. त्यासाठी रात्री उशिराच्या लाळेतील किंवा २४ तासांच्या लघवीतील कॉर्टिसोल, अथवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन तपासणी करतात.

आपल्या भागात कुशिंगसारखी लक्षणे दिसण्याचे अधिक नेहमीचे कारण म्हणजे सांधेदुखीवर किंवा दम्यावर कोणीतरी दिलेल्या, नाव नसलेल्या पुड्या. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे वारंवार आढळले आहे. अशी पुडी कोणी वर्षानुवर्षे घेत असेल तर ती घेऊन डॉक्टरांकडे जावे, मात्र अचानक बंद करू नये, कारण आळसावलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी एकदम काम करू शकत नाहीत आणि ते जिवावर बेतते. अश्वगंधेच्या काही लहान चाचण्यांत ताण थोडा कमी झालेला दिसला आहे, त्याचबरोबर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. जाहिरातीत फक्त पहिला भाग असतो.

प्रश्न : पत्नीने वजन उतरवण्यासाठी रोज एकच वेळ जेवण्याचे व्रत धरले आहे. वजन पाच किलो उतरले, पण ती सतत रडवेली असते, दिवसभर पाककृतींचे व्हिडिओ पाहते आणि कोणी काही बोलले की भडकते. हे वजन उतरल्याचे दुष्परिणाम आहेत का?
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : उपासमारीचे आहेत. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, मनाने खंबीर अशा तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धानंतर भुकेल्या युरोपला कसे खाऊ घालावे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. ते तरुण उदास झाले, चिडचिडे झाले, एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवायला सुरुवात केली. त्यांच्यातील कोणालाही आधी मनाचा आजार नव्हता. पुढे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १,२०० कॅलरीचा आहार तीन आठवडे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसोल वाढलेले आढळले. ताणामुळे साठलेली चरबी उतरवण्यासाठी शरीराला पुन्हा ताणच द्यायचा, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

त्याऐवजी खाण्याचा दर्जा बदलून पाहावा. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी काहींना भाज्या, कडधान्ये, फळे, सुका मेवा, मासे व ऑलिव्ह तेल असा आहार बारा आठवडे समजावून दिला आणि उरलेल्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत दिली. आहार बदललेल्यांपैकी ३२ टक्के आणि दुसऱ्या गटातील ८ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. किती खावे यावर बंधन नव्हते. चाचणी लहान होती, तरी तिचा रोख आपल्या स्वयंपाकघराला परका नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे हे सगळे त्यात बसते. उसळ-पोह्यांत उसळ वाढवावी आणि शेव नावापुरती ठेवावी, जिरावन मसाला मात्र खुशाल घालावा. पत्नीला दिवसातून तीन वेळा जेवायला बसवावे. दोन आठवड्यांत रडू थांबले नाही, तर तिलाही तपासणीची गरज आहे.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची आहे, वजन जास्त आहे. लग्नकार्यात नातेवाईक तिच्या ताटाकडे पाहून बोलतात. मी स्वतःही कधी कधी बोलते, तिच्या भल्यासाठीच. आता ती समारंभांना यायचेच टाळते. तिला ताकीद द्यावी की सोडून द्यावे?
– एक आई, देवास

उत्तर : बोलणे थांबवावे, आपलेही. वजनावरून हिणवले जाणे हाच एक दीर्घ ताण असतो. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या चार वर्षांच्या पाठपुराव्यात असे दिसले की ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला, ते आधी स्थूल नसतील तर पुढे स्थूल होण्याची शक्यता सुमारे अडीच पट होती. मोठ्यांचे असे होते, तर चौदा वर्षांच्या मुलीचे काय होत असेल, याचा विचार बोलणाऱ्यांनी करावा. जनुकीय माहितीवर आधारलेल्या ब्रिटनमधील अभ्यासातून असेही सूचित होते की ज्यांची चरबी मधुमेहासारखे विकार घडवत नाही, अशा लोकांमध्येही वाढलेल्या वजनाबरोबर नैराश्याची शक्यता वाढते. समाज वजनदार माणसाकडे कसे पाहतो, याचा वाटा त्यात असावा, असा अर्थ संशोधकांनी लावला आणि मला तो योग्य वाटतो.

सोडून देणे हा मात्र उपाय नाही. घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक असावा, तिचे ताट वेगळे करू नये. तिला आवडणारा खेळ किंवा नाच शोधावा. तिच्या मानेवर किंवा काखेत त्वचा काळसर, मखमली झाली आहे का, पाळी दोन-दोन महिने लांबते का, ओठांवर लव वाढते आहे का, हे पाहावे. मानेवरचा काळेपणा बहुधा मळ समजून घासला जातो, पण ती इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते. यांपैकी काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकतज्ज्ञ यांच्याकडे न्यावे, आणि तिथे बोलताना तिच्यासमोर वजनापासून सुरुवात न करता पाळीच्या तक्रारीपासून करावी.